पेट्रोरसायनांच्या नवीकरणीय व पुनर्चक्रित कच्च्या मालातील अशुद्धी

खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्याऐवजी वनस्पतिजन्य किंवा टाकाऊ पदार्थांपासून रसायने तयार करताना त्या पदार्थांबरोबर येणाऱ्या आणि प्रक्रियेस, यंत्रसामग्रीस किंवा अंतिम उत्पादनास बाधक ठरणाऱ्या द्रव्यांना कच्च्या मालातील अशुद्धी असे म्हणतात. मळीपासूनचे अल्कोहोल, खाद्यतेले व वापरलेले तळणतेल, पिकांचे अवशेष आणि टाकाऊ प्लास्टिक हे या प्रकारच्या कच्च्या मालाचे प्रमुख स्रोत होत. क्लोरीन, गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस, सिलिकॉन आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, लोह यांसारखे धातू या त्यांतील मुख्य अशुद्धी होत.

हा विषय सामान्यतः मोठ्या तेलशुद्धीकरण केंद्रांच्या संदर्भात चर्चिला जातो. प्रत्यक्षात अशुद्धीचा उगम पुष्कळदा शेतात, साखर कारखान्यात किंवा कचऱ्याच्या ढिगात असतो. महाराष्ट्रात, आणि विशेषतः ऊस व कापूस पिकवणाऱ्या बीडसारख्या जिल्ह्यात, हा उगम जवळून पाहता येतो.

स्वरूप

पेट्रोरसायन उद्योगाचा पाया म्हणजे बाष्प भंजन. या प्रक्रियेत नाफ्था किंवा एथेन वाफेबरोबर सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाच्या नळ्यांतून काही क्षणांत पुढे नेला जातो आणि एथिलीन, प्रोपिलीन, ब्युटाडाइन, बेंझीन ही मूलद्रव्यवत रसायने मिळतात. प्लास्टिक, कृत्रिम धागे, रंग, द्रावके यांची साखळी येथून सुरू होते.

खनिज तेल शुद्ध असते असे नाही. त्यातही गंधक, पारा, आर्सेनिक असतात. मात्र या अशुद्धींची शंभर वर्षांची ओळख उद्योगाला आहे आणि कारखाने त्यांच्या हिशोबानेच उभारलेले आहेत. गंधकाचे उदाहरण बोलके आहे. भंजनाच्या नळ्यांत कोळशाचा थर कमी बसावा म्हणून अल्प प्रमाणात गंधकाचे संयुग मुद्दाम मिसळले जाते. तोच गंधक पुढच्या टप्प्यातील तांबे, निकेल किंवा चांदीच्या उत्प्रेरकावर पोहोचला तर त्याला निकामी करतो. एखादे द्रव्य अशुद्धी आहे की नाही हे ते कोठे आणि किती आहे यावर ठरते.

पर्यायी कच्च्या मालात या परिचित द्रव्यांची जागा अपरिचित द्रव्ये घेतात. क्लोरीनपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन पोलादी नळ्या झिजतात. अमोनियाशी त्याचा संयोग झाल्यास अमोनियम क्लोराइडचे घट्ट थर थंड भागात साचतात. सोडियम नळ्यांच्या मिश्रधातूवर हल्ला करतो व कोळशाचा थर लवकर चढवतो. ऑक्सिजनयुक्त संयुगांमुळे कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि ॲसिटिलीन वेगळे काढणाऱ्या पॅलेडियम उत्प्रेरकाचे काम त्यामुळे बिघडते. सिलिकॉन व फॉस्फरस उत्प्रेरकाची छिद्रे बुजवतात. भंजनासाठी घेतल्या जाणाऱ्या द्रवात साधारणपणे दर दशलक्ष भागांत नायट्रोजन १००, क्लोरीन ३ आणि सोडियम सुमारे एक-अष्टमांश भागापेक्षा अधिक असू नये, असे संकेत रूढ आहेत. लोहासाठीची मर्यादा याहूनही कितीतरी कडक आहे.

महाराष्ट्रातील व भारतातील पार्श्वभूमी

वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून पेट्रोरसायने बनवण्याची कल्पना आज नवी म्हणून मांडली जात असली, तरी भारतात ती खनिज तेलावरील रसायन उद्योगापेक्षा जुनी आहे. पश्चिम बंगालमधील रिश्रा येथे १९५९ मध्ये पॉलिएथिलीनचे उत्पादन सुरू झाले, त्यासाठीचे एथिलीन अल्कोहोलपासून काढले जात असे. उत्तर प्रदेशातील बरेली येथे १९६३ मध्ये अल्कोहोलपासून ब्युटाडाइन व त्यापासून कृत्रिम रबर तयार होऊ लागले. मुंबईजवळ तुर्भे येथे १९६६ मध्ये युनियन कार्बाइडचे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८ मध्ये नोसिलचे नाफ्था भंजन केंद्र सुरू झाल्यावर अल्कोहोल मागे पडले. ही दोन्ही केंद्रे आता चालू नाहीत, हा काळाचा एक वेगळाच न्याय.

अल्कोहोलची वाट मात्र पूर्ण बंद झाली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात झिओलाइट उत्प्रेरकावर बेंझीन व अल्कोहोल यांच्यापासून थेट एथिलबेंझीन बनवण्याची पद्धत विकसित केली. उत्तराखंडातील काशीपूर येथे १९८९ पासून मळीच्या अल्कोहोलपासून पॉलिएस्टर धाग्यांसाठी लागणारे ग्लायकॉल तयार होते. महाराष्ट्रात कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथे गोदावरी बायोरिफायनरीज आणि महाड येथे लक्ष्मी ऑर्गॅनिक या कंपन्या अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड, एथिल ॲसिटेट व तत्सम रसायने बनवतात. जगातील सर्वांत परिचित उदाहरण ब्राझीलचे आहे. तेथे ब्रास्केम कंपनीने २०१० मध्ये उसाच्या अल्कोहोलपासून वर्षाला दोन लाख टन एथिलीन देणारा कारखाना सुरू केला.

या सर्वांना अशुद्धीचा प्रश्न सोडवूनच पुढे जावे लागले. त्यामुळे आज प्लास्टिकच्या तेलाबाबत जे प्रश्न नव्याने विचारले जातात, त्यांतील बऱ्याच प्रश्नांचा पहिला धडा आसवन्यांत गिरवला गेला आहे.

ऊस, मळी व अल्कोहोल

प्रथम शब्दाविषयी. ग्रामीण बोलीत 'मळी' हा शब्द रस गाळताना उरणाऱ्या चोथ्यासाठी, म्हणजे प्रेसमडसाठीही वापरतात आणि शेतकरी तो खत म्हणून शेतात टाकतात. या लेखात मळी म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारा काळा, दाट पाक, अर्थात मोलॅसिस.

एक टन उसापासून साधारण ४० ते ४५ किलो अंतिम मळी मिळते. तीत सुमारे निम्मा भाग शर्करा, एक-पंचमांश पाणी आणि १० ते १५ टक्के राख म्हणजे क्षार असतात. एक टन मळीपासून साधारण २२० ते २४० लिटर अल्कोहोल निघते. एक टन एथिलीनसाठी सुमारे १.७ टन अल्कोहोल लागते. म्हणजे एवढ्या एथिलीनसाठी २०० ते २४० टन ऊस गाळल्यावर उरणारी मळी खर्ची पडते. इतक्या उसातून, पाण्यातून आणि मातीतून जे जे येते ते सर्व या एका टनाच्या वाटेवर उभे असते.

*तोडणीपासून गाळपापर्यंत*

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठच्या गेवराई व माजलगाव तालुक्यांत, तसेच माजलगाव व मांजरा धरणांच्या लाभक्षेत्रात ऊस होतो. उरलेला बालाघाटच्या डोंगररांगांचा भाग मोठ्या प्रमाणावर कोरडवाहू आहे. परळीजवळील वैद्यनाथ, माजलगाव परिसरातील लोकनेते सुंदरराव सोळंके आणि गेवराईचा जय भवानी हे जिल्ह्यातील परिचित सहकारी साखर कारखाने. मात्र साखर उद्योगाच्या नकाशावर बीडची खरी ओळख ऊसतोड कामगारांचा जिल्हा अशी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील टोळ्या मुकादमामार्फत पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात.

मळीतील अशुद्धीचा पहिला निर्णय या कामगारांच्या कोयत्याखाली होतो. ऊस जमिनीलगत तोडला, वाढे नीट छाटले आणि पाचट काढून टाकले तर रस स्वच्छ येतो. वाढ्यांच्या कोवळ्या भागात साखर कमी आणि स्टार्च, आम्ले व क्षार अधिक असतात. पावसात तोडणी झाल्यास मुळांबरोबर माती येते आणि सिलिका, लोह, ॲल्युमिनियम रसात उतरतात. तोडलेला ऊस गव्हाणीपर्यंत पोहोचण्यास उशीर झाला, किंवा फडाला आग लावून तो तोडला गेला, तर ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ व आम्ले तयार करतात. डेक्स्ट्रानमुळे पाक घट्ट होतो, दाणा बिघडतो. आम्ले मात्र मळीत साठत जातात आणि पुढे यीस्टची वाढ रोखतात.

यात एक विसंगती आहे. तोडणी कामगाराला मजुरी टनामागे मिळते आणि शेतकऱ्याला मिळणारा रास्त व किफायतशीर दर संपूर्ण कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्याशी जोडलेला असतो. २०२२-२३ च्या हंगामापासून त्यासाठीचा मूळ उतारा १०.२५ टक्के धरला जातो. एखाद्या फडातून स्वच्छ व ताजा ऊस आला म्हणून त्या शेतकऱ्याला किंवा त्या टोळीला वेगळा मोबदला मिळत नाही. यंत्राने तोडलेल्या उसाच्या वजनातून पाचटापोटी कपात होते, ती अशुद्धीच्या मोजमापाची जवळजवळ एकमेव ढोबळ खूण म्हणावी लागेल. रसायन कारखाना ज्या शुद्धतेसाठी दशलक्षांश भागांपर्यंत मोजमाप करतो, तिची सुरुवात जेथे होते तेथे तिला किंमत नाही.

अवर्षणाचा परिणामही नोंदवण्याजोगा आहे. पाण्याच्या ताणात वाढलेल्या उसाच्या रसात क्षार व अपचायी शर्करा यांचे प्रमाण वाढते आणि रसाची शुद्धता घटते. खारवट विहिरीचे पाणी आणि पोटॅश खतातील क्लोराइड यांचाही वाटा असतो. पोटॅशियम क्लोराइड हे सर्वांत स्वस्त पोटॅश खत. त्यातील पोटॅशियम पिकाला हवे असते, क्लोराइड नकळत बरोबर येते. सुदैवाने हे क्षार उडून जाणारे नाहीत. ऊर्ध्वपातनात अल्कोहोल वर जाते आणि क्षार तळाशी राहतात. क्षारांच्या बाबतीत आसवनी हीच एक मोठी गाळणी ठरते.

*गंधकाचा मार्ग*

गंधकाचे तसे नाही. त्याचा प्रवास मुळापासून पाहणे उपयुक्त आहे, कारण एकच मूलद्रव्य रूपे बदलत किती दूरवर जाते हे त्यातून कळते.

भारतातील बहुतांश कारखाने पांढरी साखर बनवण्यासाठी सल्फिटेशन पद्धत वापरतात. गंधक जाळून तयार केलेला सल्फर डायऑक्साइड वायू चुन्याबरोबर रसात सोडला जातो. त्यामुळे रंग फिका होतो व गाळ खाली बसतो. या गंधकाचा काही भाग गाळाबरोबर निघतो, काही साखरेत अंशमात्र राहतो आणि उरलेला सल्फाइट व सल्फेट रूपात मळीत जमा होतो. चुन्यातील कॅल्शियमही तेथेच येते. आसवनीत हे दोघे कॅल्शियम सल्फेटच्या रूपाने ऊर्ध्वपातन स्तंभाच्या तबकड्यांवर दगडासारखे थर बसवतात आणि ठरावीक काळाने स्तंभ बंद करून ते खरवडावे लागतात.

किण्वनाच्या वेळी सल्फाइटचा काही भाग यीस्ट व जिवाणू यांच्या क्रियेने हायड्रोजन सल्फाइड व अन्य बाष्पशील गंधक संयुगांत बदलतो. ही संयुगे अल्कोहोलबरोबर वर चढतात. जुन्या आसवन्यांतील स्तंभ तांब्याचे असत. तांबे गंधकाशी संयोग पावून त्याला पकडून ठेवी, त्यामुळे स्तंभ झिजत पण अल्कोहोल स्वच्छ राही. स्टेनलेस स्टीलचे स्तंभ टिकाऊ आहेत, परंतु ते हे काम करत नाहीत. जुन्या पद्धतीचा दोष आणि गुण एकच होता, असे क्वचितच घडते.

अल्कोहोलमधून आलेला हा गंधक ॲसिटाल्डिहाइडच्या कारखान्यात तांब्याच्या उत्प्रेरकावर बसतो. आसवनीच्या स्तंभात जो गुण होता तोच येथे घातक ठरतो, कारण गंधकाने व्यापलेला तांब्याचा पृष्ठभाग अल्कोहोलवर क्रिया करू शकत नाही. एथिलीनपासून एथिलीन ऑक्साइड बनवणाऱ्या चांदीच्या उत्प्रेरकाचीही हीच अडचण आहे. म्हणून अल्कोहोल किंवा एथिलीन उत्प्रेरकापूर्वी शोषकाच्या थरातून नेले जाते.

मळीत राहिलेला सल्फेट स्पेंटवॉशमध्ये उतरतो. स्पेंटवॉशपासून जैववायू बनवताना सल्फेट-अपचायी जिवाणू त्याचे पुन्हा हायड्रोजन सल्फाइड करतात. आसवनीच्या जैववायूत त्याचे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणून इंजिनात किंवा नळवाहिनीत सोडण्यापूर्वी तो काढावा लागतो. काढून घेतल्यावर हाती पुन्हा पिवळा गंधक येतो. साखर पांढरी करण्यासाठी जाळलेला गंधक असा तीन कारखाने ओलांडून मूळ रूपात परततो.

*अल्कोहोलची प्रत*

सर्व अल्कोहोल सारखे नसते. किण्वनात एथिल अल्कोहोलबरोबर ॲसिटाल्डिहाइड, एथिल ॲसिटेट, मिथेनॉल आणि आयसोअमिल अल्कोहोलसारखी जड अल्कोहोले तयार होतात. जड अल्कोहोलांच्या या मिश्रणास फ्यूजेल तेल म्हणतात. स्तंभाच्या माथ्यावरून हलकी द्रव्ये आणि मधल्या भागातून फ्यूजेल तेल काढून घेतले की शुद्ध केलेले स्पिरिट मिळते. नेहमीच्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोलमधील शेवटचे चार-पाच टक्के पाणी निघत नाही. त्यासाठी झिओलाइटची रेणवीय चाळणी वापरतात. भारतीय मानकांत शुद्ध केलेल्या स्पिरिटसाठी आयएस ३२३ आणि पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या निर्जल अल्कोहोलसाठी आयएस १५४६४ ही स्वतंत्र मानके आहेत. इंधनासाठी निर्जलता महत्त्वाची. रसायनासाठी गंधक, नायट्रोजन व आल्डिहाइडे. इंधनासाठी योग्य अल्कोहोल रसायनासाठी तसेच चालेल असे नाही.

यीस्टचे पोषण म्हणून मळीच्या द्रावणात युरिया किंवा डायअमोनियम फॉस्फेट मिसळतात. त्यांतून सुटणारा अमोनिया अल्कोहोलबरोबर आला तर एथिलीन बनवणाऱ्या ॲल्युमिना उत्प्रेरकाच्या आम्लधर्मी जागा निष्क्रिय होतात. ग्लायकॉलच्या बाबतीत कसोटी आणखी नाजूक आहे. पॉलिएस्टर धाग्याला पिवळसर छटा येऊ नये म्हणून ग्लायकॉलमधून अतिनील प्रकाश किती आरपार जातो हे तपासले जाते. अगदी अल्प आल्डिहाइडही त्या चाचणीत उघडे पडते.

एक अशुद्धी कायद्याने मिसळली जाते. औद्योगिक अल्कोहोल पिण्यासाठी वळवले जाऊ नये म्हणून राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या देखरेखीखाली त्याचे विकृतीकरण केले जाते. रसायन कारखान्यांसाठी विशेष विकृत स्पिरिटची तरतूद आहे आणि त्यात प्रक्रियेस बाधक न ठरणारे द्रव्य निवडले जाते. औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रण कोणाचे, हा वाद अनेक दशके चालला. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्याबाबत राज्यांचा अधिकार मान्य केला.

तेले व पिकांचे अवशेष

वनस्पती तेलांवर हायड्रोजनची प्रक्रिया केल्यास डिझेलबरोबर काही प्रमाणात नवीकरणीय नाफ्थाही मिळतो आणि तो भंजनासाठी उत्तम असतो. परंतु तेलात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, शिवाय कच्च्या तेलात फॉस्फरसयुक्त चिकट द्रव्ये असतात. कच्च्या सोयाबीन तेलात दर दशलक्ष भागांत फॉस्फरसचे काही शे भाग आढळतात. उत्प्रेरकासाठी ते दोन-तीन भागांपर्यंत खाली आणावे लागतात. सरकीच्या तेलात यांशिवाय गॉसिपॉल हे पिवळे, विषारी रंगद्रव्य असते आणि ते अल्कलीने धुऊन काढतात. बीड जिल्ह्यात कापूस व सोयाबीन ही दोन्ही पिके मोठ्या प्रमाणावर होतात, त्यामुळे जिनिंग, तेलघाणी व पेंडीच्या व्यवसायात वावरणाऱ्यांना हे शुद्धीकरण नवे नाही. खाद्यतेल गाळणारा कारागीर आणि तेलशुद्धीकरण केंद्राचा अभियंता येथे एकच काम करतात, मोजमापाची सूक्ष्मता तेवढी वेगळी.

वापरलेल्या तळणतेलात मीठ, पाणी, अन्नकण आणि मुक्त मेदाम्ले अधिक असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ पासून ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा अधिक झालेले तेल पुन्हा अन्नासाठी वापरण्यास मनाई केली आहे आणि असे तेल गोळा करून जैवइंधनाकडे वळवण्याचा उपक्रमही सुरू केला. भजी-फरसाणाच्या तेलातील मीठ म्हणजेच सोडियम व क्लोरीन. भंजन नळ्यांचे हे दोन्ही शत्रू एकाच कढईतून येतात.

कापसाच्या पऱ्हाट्या, बगॅस व तत्सम अवशेष हवेविना तापवून जे तेल मिळते त्यात वजनाच्या एक-तृतीयांशाहून अधिक ऑक्सिजन आणि बरेच पाणी असते. ते आम्लधर्मी व अस्थिर असते आणि साठवणीत घट्ट होत जाते. पेट्रोरसायनांसाठी हा मार्ग अद्याप दूरचा आहे.

टाकाऊ प्लास्टिक

टाकाऊ पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन हवेविना तापवले असता नाफ्थासारखे तेल मिळते. गुजरातमधील जामनगर येथे रिलायन्स इंडस्ट्रीजने असे तेल शुद्धीकरण केंद्रात घेऊन त्यापासून प्रमाणित चक्रीय पॉलिमर बनवण्यास सुरुवात केली आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२२ मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची तपशीलवार चौकट घातली गेल्यावर अशा मार्गांना चालना मिळाली.

येथे सर्वांत मोठा अडथळा क्लोरीनचा आहे. पीव्हीसीमध्ये वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. एक किलो स्वच्छ प्लास्टिकमध्ये केवळ एक ग्रॅम पीव्हीसी मिसळले गेले, तर क्लोरीनचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ५७० होते. त्यातील नव्व्याण्णव टक्के वाटेत काढून टाकले तरी जवळजवळ सहा भाग उरतात, म्हणजे रूढ मर्यादेच्या दुप्पट. पॉलिएस्टरच्या बाटल्यांतून ऑक्सिजन व नळ्या बुजवणारी घन आम्ले येतात, नायलॉनमधून नायट्रोजन, बहुपदरी वेष्टनांतून ॲल्युमिनियम, भरणद्रव्यांतून कॅल्शियम व टायटॅनियम, जुन्या विद्युत उपकरणांच्या आवरणांतून ब्रोमीन. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी वापरोत्तर प्लास्टिकच्या तेलांची पाहणी करून २०२२ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, नायट्रोजन, ऑक्सिजन, क्लोरीन, लोह, सोडियम व कॅल्शियम यांचे प्रमाण भंजनाच्या मर्यादांपेक्षा दहापट किंवा त्याहूनही कितीतरी अधिक असते.

मराठवाड्यात घरगुती कचऱ्याइतकाच शेतीतील प्लास्टिकचा विचार आवश्यक आहे. ठिबक सिंचनाच्या नळ्या, मल्चिंग पेपर, शेततळ्याचे अस्तर, खतांच्या गोण्या हे सर्व पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचे, म्हणजे रासायनिक दृष्ट्या उत्तम कच्चा माल होय. पॅकिंगच्या कचऱ्यापेक्षा त्यात प्रकारांची सरमिसळ कमी असते. पण मल्चिंग पेपरला काळी माती घट्ट चिकटते आणि पातळ कागदाबरोबर येणारी माती कधी कधी कागदाच्याच वजनाला जाऊन भिडते. ठिबकच्या नळ्यांत कॅल्शियमचे क्षार व विद्राव्य खतांचे फॉस्फेट साचलेले असतात. ठिबक संचाच्या मुख्य व उपमुख्य वाहिन्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. गोळा करताना त्यांचा एखादा तुकडा किंवा कोपरा-सांधा लॅटरलच्या वेटोळ्यात राहिला की वरचा हिशोब लागू होतो. भंगार गोळा करणाऱ्याला किलोमागे दर मिळतो आणि चिकटलेली माती त्याच्या दृष्टीने वजन असते. उसाच्या बाबतीत दिसलेली विसंगती येथे पुन्हा दिसते.

शुद्धीकरण

शुद्धीकरण जितके उगमाजवळ तितके स्वस्त, असा या क्षेत्रातील सर्वसाधारण अनुभव आहे. पीव्हीसीचा तुकडा हाताने बाजूला काढणे आणि त्यातून निघालेले क्लोरीन तेलातून काढणे यांच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. निवड व धुलाईनंतर प्लास्टिक सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवून पीव्हीसीतील हायड्रोक्लोरिक आम्ल आधीच बाहेर काढतात आणि चुन्यासारख्या अल्कलीने ते बांधतात. तेल गाळून शोषक मातीतून नेतात. शेवटी निकेल-मॉलिब्डेनम किंवा कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावर हायड्रोजनच्या दाबाखाली गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन व क्लोरीन काढले जातात. मुख्य उत्प्रेरकापूर्वी सिलिकॉन व धातू पकडणारा स्वस्त उत्प्रेरकाचा संरक्षक थर ठेवतात. या हायड्रोजनचा खर्च व त्याच्या निर्मितीत होणारे उत्सर्जन नवीकरणीय मालाच्या हिशोबात धरणे आवश्यक असते.

व्यवहारात सर्वाधिक वापरली जाणारी युक्ती मात्र विरलनाची आहे. प्लास्टिकचे थोडे तेल पुष्कळ नाफ्थात मिसळले की अशुद्धी मर्यादेखाली जाते. मग अंतिम पॉलिमरपैकी कोणता भाग पुनर्चक्रित म्हणायचा हे वस्तुमानाच्या ताळेबंदाने, म्हणजे कागदोपत्री, ठरवले जाते. ही पद्धत अंतरराष्ट्रीय प्रमाणन योजनांना मान्य आहे. तथापि मिसळण्यास खनिज नाफ्था उपलब्ध आहे तोवरच ती चालते, ही तिची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

अवशेषांची विल्हेवाट

काढून घेतलेली अशुद्धी कोठेतरी जातेच. प्लास्टिकच्या बाबतीत ती क्लोराइडयुक्त पाणी, वापरलेली शोषक माती व निकामी उत्प्रेरक या रूपांत उरते आणि त्यांतील काही घातक कचऱ्यात मोडतात. मळीच्या बाबतीत ती स्पेंटवॉशमध्ये उतरते. एक लिटर अल्कोहोलमागे पारंपरिक पद्धतीत ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश तयार होतो. तो गडद तपकिरी, आम्लधर्मी व क्षारयुक्त असून त्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या पुढे जाते. असे पाणी ओढ्यात किंवा विहिरीत उतरले तर पिण्याच्या व सिंचनाच्या पाण्याची हानी दीर्घकाळ टिकते. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या जिल्ह्यात ही हानी भरून काढण्यास दुसरा स्रोतही नसतो. म्हणूनच आसवन्यांवर शून्य द्रव विसर्गाचे बंधन आहे.

त्यासाठी स्पेंटवॉश आटवून बगॅस किंवा कोळशाबरोबर विशेष बॉयलरमध्ये जाळला जातो. उरलेल्या राखेत उसाने जमिनीतून उचललेले पोटॅशियम सापडते. त्यापासून बनवलेल्या, १४.५ टक्के पोटॅश असलेल्या खताचा २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या पोषणद्रव्याधारित अनुदान योजनेत समावेश झाला. भारत पोटॅश खतासाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून असल्याने या राखेला मोल आले आहे. राखेत पोटॅशियमबरोबर क्लोराइड व सल्फेटही असतात. त्यामुळे खारवट जमिनीत हे खत वापरताना मातीपरीक्षण करून घ्यावे लागते.